‘बाबा, तुम्ही उठू नका’ : अंथरुणाचा एक जुना इतिहास

मागच्या पावसाळ्यात एक बहीण-भाऊ त्यांच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडिलांचं वय ८१. रिक्षातून उतरवून दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना जवळजवळ उचलूनच आत आणलं. तक्रार एकच होती, “बाबांचं चालणं बंद झालंय.”

चार महिन्यांपूर्वी त्यांचा बाथरूममध्ये पाय घसरला होता. एक्स-रे काढलेला होता, हाड कुठेही मोडलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात ठरलं, की बाबांना आता उठू द्यायचं नाही. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, रात्री लघवीसाठी भांडं. मुलगी म्हणाली, “डॉक्टर, आम्ही त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.” हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. नोकरी सांभाळून चार महिने या मुलीनं वडिलांचं सगळं केलं होतं.

मी त्यांना तपासलं. अर्धांगवायूची खूण नाही, कंपवात नाही, पाठीच्या मणक्यात नस दबल्याचं लक्षण नाही. मांड्या मात्र काठीसारख्या झाल्या होत्या. खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं तर नुसते हलले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “वय झालं. असं चालायचंच.”

“चालायचंच” हा शब्द चालता न येणाऱ्या माणसाच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मला तो खटकतो. कारण यातलं बरंचसं वयामुळे होत नाही, अंथरुणामुळे होतं. आधुनिक वैद्यकाला ही गोष्ट कळून शंभर वर्षंही झालेली नाहीत. ती कशी कळली, ते आज सांगतो. मग त्या बाबांकडे परत येऊ.

गोष्ट लंडनच्या पश्चिमेला असलेल्या आयलवर्थ भागातली आहे. इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्यानंतर गरीब, निराधार लोकांसाठी ‘वर्कहाउस’ नावाच्या संस्था जागोजागी उभ्या राहिल्या. नाव कामाचं असलं तरी तिथे पुढे पुढे काम न करू शकणारेच जास्त साचत गेले: म्हातारे, लकवा झालेले, आंधळे, स्मृती गेलेले. वर्कहाउसला जोडून एक इन्फर्मरी, म्हणजे आजाऱ्यांचा विभाग असे. तिथे एकदा खाट मिळाली की माणूस बहुधा त्याच खाटेवरून शेवटच्या प्रवासाला निघे. डॉक्टर अधूनमधून फेरी मारत. तपासायचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नसे. खाटेवर ‘असाध्य’ असा शिक्का बसलेला असला की पुढचं सगळं आपोआप ठरत होतं.

१९३५ मध्ये अशी एक इन्फर्मरी शेजारच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात विलीन झाली. खाटा होत्या ७१४. त्यांची जबाबदारी आली डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे. वय तेव्हा ३७-३८. ओढा शस्त्रक्रियेकडे होता, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करायचं असं त्यांनी कधी ठरवलेलं नव्हतं. आजही एखाद्या तरुण सर्जनला असा वॉर्ड दिला तर तो आठवड्याभरात बदलीचा अर्ज लिहायला घेईल. वॉरनबाईंनी मात्र तिथे तोपर्यंत कुणी न केलेली एक गोष्ट केली. त्यांनी प्रत्येक रुग्णाला तपासलं. एकेकाला, नीट, नव्यानं दाखल झाल्यासारखं.

त्यांना दिसलं ते चित्र त्यांनी पुढे १९४३ आणि १९४६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत लिहून ठेवलं. माणसं वर्षानुवर्षं पडून होती. काहींचे गुडघे पोटाशी आखडून सांधे कायमचे वाकले होते. पाठीवर जखमा होत्या. वेळेवर संडासला नेणारं कुणी नसल्यामुळे अंथरुणातच होत असे, आणि मग ‘याचा ताबा गेलाय’ अशी नोंद होत असे. आपण आता कधीच उठणार नाही हे कळल्यावर माणसाचा स्वाभिमान जातो, मग बोलणं कमी होतं, आजूबाजूचं कशातच लक्ष लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे सगळं म्हातारपण आहे. वॉरनबाईंचं म्हणणं होतं की यातला मोठा भाग रुग्णालयानंच तयार केलाय.

मग त्यांनी वर्गवारी केली. ज्याला खरोखर रुग्णालयाची गरज आहे तो वेगळा, ज्याला फक्त राहायला जागा आणि थोडी मदत हवी तो वेगळा, ज्याला पुन्हा उभं करता येईल तो वेगळा. तिसऱ्या गटात कुणालाही वाटलं नव्हतं इतके लोक निघाले. लकवा होऊन पडलेल्यांनाही त्यांनी बसवायला, उभं करायला, चालवायला सुरुवात केली. फिजिओथेरपिस्ट, नर्स, समाजसेविका आणि डॉक्टर यांनी एकाच रुग्णाबद्दल एकत्र बसून बोलायचं, ही पद्धत लावली.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग औषधांचा नाहीच. त्यांनी वॉर्डाच्या कळकट भिंतींना फिका, उजळ रंग दिला. दिवे वाढवले. अंगावर घ्यायला लालभडक ब्लँकेटं आणली. भिंतीला धरून चालता येईल असे कठडे बसवले. हात टेकून उठता येईल अशा मजबूत खुर्च्या आणल्या. म्हणजे उठावंसं वाटेल अशी खोली आणि उठता येईल अशी खुर्ची, एवढी साधी गोष्ट. आपल्या घरातल्या खोल मऊ सोफ्याचा विचार करा: त्यातून पस्तिशीच्या माणसालाही हिसका देऊन उठावं लागतं, आणि आजीला आपण मोठ्या प्रेमानं तिथेच बसवतो.

काही वर्षांत त्या ७१४ खाटांपैकी सुमारे २४० खाटांवर काम भागू लागलं. रिकाम्या झालेल्या खाटा क्षयाच्या रुग्णांसाठी दिल्या गेल्या. ज्यांना ‘असाध्य’ म्हटलं होतं त्यातले कितीतरी जण आपल्या पायांनी किंवा काठीच्या आधारानं बाहेर पडले. वॉरनबाई सांगत राहिल्या की वृद्धांचा विभाग मोठ्या रुग्णालयातच हवा, आणि विद्यार्थ्यांना तो शिकवायलाच हवा. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा वृद्धवैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली, त्यामागे त्यांचं हे काम होतं. १९६० मध्ये एका मोटार अपघातात त्या गेल्या.

त्याच सुमाराला इसेक्समधल्या ऑरसेट इथे डॉ. लायनेल कॉसिन नावाचे सर्जन दुसऱ्या बाजूनं याच निष्कर्षाला पोहोचत होते. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की त्याला झोपवून ठेवायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. कॉसिन त्यांची शस्त्रक्रिया करू लागले आणि लगेच हालचाल सुरू करून त्यांना घरी पाठवू लागले.

इथे थोडं थांबतो, कारण ही ओळ लिहिताना मला माझी आजी आठवते. १९८० च्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी अंगणात तुळशीला पाणी घालताना ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. पायाला वजन लावून, म्हणजे अक्षरशः दोरीला विटा बांधून, तिला झोपवून ठेवलं. सहा आठवडे म्हणाले होते. त्या वेळच्या सोयी पाहता तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरात माझा शब्द चालायचा. आजी चौथ्या आठवड्यात म्हणायला लागली, “मला नुसतं बसतं तरी करा रे.” मीच तिला सांगितलं, “आजी, हलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय.” पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साठला. सहा आठवडे पुरे झालेच नाहीत. कॉसिन यांनी आपले रुग्ण चालवायला सुरुवात करून तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. मला ते नाव माहीत नव्हतं.

आज खुब्याचं हाड मोडलं तर, इतर प्रकृती सांभाळून, शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणं, हा सर्वमान्य उपचार आहे. “या वयात कशाला ऑपरेशन?” असं नातेवाईक विचारतात. या वयात झोपून राहणं परवडत नाही, म्हणूनच ऑपरेशन.

१९४७ च्या डिसेंबरमध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक छोटा, खुसखुशीत लेख लिहिला. एकेक अवयव घेऊन झोपून राहण्यानं त्याचं काय होतं ते त्यांनी मांडलं: फुप्फुसात कफ साठतो, पायाच्या शिरांत गाठी होतात, कातडी फाटते, स्नायू वाळतात, हाडातला चुना कमी होतो, लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, आणि शेवटी मनही खचतं. वैद्यकातले फार थोडे लेख हसत हसत वाचता येतात. हा त्यांतला एक.

पुढचे पुरावे आकड्यांतले. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशानं घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयवाढीनं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! आपल्याकडे साध्या तापानंतरही “आठ-पंधरा दिवस विश्रांती घ्या” असं सहज म्हटलं जातं.

आता आशेची बाजू. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात डॉ. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त रहिवाशांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. हलका नव्हे, चांगला जोर लावायला लागेल असा. आठ आठवड्यांनी, व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली होती. दोघांची काठी सुटली. नव्वदीच्या स्नायूलाही काम दिलं तर तो वाढतो, हे तेव्हा अनेक डॉक्टरांनाही नवीन होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी नातेवाईकांना मुद्दाम सांगतो: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेली ताकद उतरू लागली. त्यामुळे ‘फिजिओथेरपीचा कोर्स संपला’ हा शब्दप्रयोगच मला मान्य नाही.

आपल्याकडची अडचण वर्कहाउसच्या नेमकी उलट आहे. तिथे म्हातारा माणूस कुणाला नको होता म्हणून पडून राहिला. आपल्याकडे तो हवा असतो म्हणून पडून राहतो. आई-वडिलांची सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर श्रावणबाळाची कावड येते. मला लहानपणी सांगितलेल्या गोष्टीत तरी श्रावणाचे आई-वडील अंध होते, पायांनी अधू होते असं कुणी म्हटलं नव्हतं. असो, पुराणात मी फिजिओथेरपी घुसडू नये. पण घरात सून, मुलगी, मुलगा यांनी सगळं हातात दिलं नाही तर शेजारी नावं ठेवतील, ही भीती खरी असते. ज्या मुलीनं बापाला तांब्या उचलू दिला नाही, तिला “त्यांना स्वतः उठून पाणी घेऊ दे” असं सांगणं म्हणजे तिच्या चार महिन्यांच्या कष्टांना चूक ठरवण्यासारखं वाटू शकतं. मी तिला पहिलं वाक्य म्हणालो ते असं, की तुम्ही इतकं केलंत म्हणून त्यांच्या पाठीला एकही जखम नाही. ते खरंच होतं.

चालवण्याआधी चालणं का बिघडलं ते शोधायला हवं. वॉरनबाईंनीही आधी तपासलं, मग उठवलं. झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा बीपी मोजावा लागतो, कारण उभं राहिल्यावर तो घसरत असेल तर पडणं ठरलेलं. झोपेच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या आणि बीपीच्या काही गोळ्या यांचाही यात हात असतो. मोतीबिंदू, गुडघ्याची झीज, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, कंपवाताची सुरुवात. आणि कित्येकदा नुसती वाढून बोटात घुसलेली पायाची नखं, जी कुणी मोजे काढून पाहिलेलीच नसतात. काही तासांत किंवा दिवसांत अचानक पायातलं बळ गेलं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, लघवी-संडासचा ताबा गेला किंवा पडल्यानंतर पायावर भारच देववत नाही, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

एक सोपी चाचणी घरीही करता येते. १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉ. बर्नार्ड आयझॅक्स यांच्या गटानं ती सुचवली, १९९१ मध्ये कॅनडातल्या दोघींनी तिला घड्याळ लावलं. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीची काठी असली तर ती घेऊनच. बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजून डॉक्टरांना दाखवा. चाचणी घेताना शेजारी उभे राहा.

उठवण्याचीही रीत असते. काखेत हात घालून ओढू नका. खांदा दुखावतो आणि त्यांचे पाय कामच करत नाहीत. त्यांना खुर्चीच्या कडेशी सरकू द्या, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायला सांगा, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकून हातांनी खुर्चीचे हात दाबत उठू द्या. वेळ लागेल. तो वेळ देणं हीच तुमची मदत. चालताना तुम्ही कमजोर बाजूला, किंचित मागे. हात कमरेपाशी तयार, पण धरलेला नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, हे सांगितलं की बहुतेक घरांत वाद होतो, तरीही विरुद्ध हातातच. चपला घालून हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत येईल एवढी काठीची उंची. आजोबांची जुनी नक्षीदार काठी बहुधा उंच असते आणि तिच्या टोकाला रबर नसतं. बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला कठडा हवा. टॉवेलचा रॉड वजन घेत नाही, धरला की माणसासकट खाली येतो.

त्या बाबांना मी सुरुवातीला एकच काम दिलं. घरातल्या हातांच्या खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून ती उंच करायची, आणि दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पाचदा त्यातून उठायचं-बसायचं. हात टेकले तरी चालतील. जेवण पलंगावर नाही, टेबलाशी. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी. दोन झोपेच्या गोळ्यांपैकी एक हळूहळू बंद केली. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते सुरू केलं.

महिन्याभरानं मुलीचा फोन आला, जरा चिडलेली होती. बाबा सकाळी कुणाला न सांगता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेले होते. “पडले असते तर?” मी म्हणालो, भीती बरोबर आहे, गॅलरीच्या उंबऱ्यापाशी एक कठडा बसवून घ्या, वाटेतली सतरंजी काढा, आणि ते किती वाजता जातात ते विचारून ठेवा, म्हणजे त्या वेळी जवळपास राहता येईल. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, कठडा जमिनीपासून किती उंचीवर बसवायचा. मी म्हटलं, बाबांना चपला घालून तिथे उभं करा, हात सरळ सोडू दे, आणि मनगटापाशी भिंतीवर पेन्सिलनं खूण करा.